बदली

अक्षय्य तृतीयेला अजून काही आठवडे अवकाश होता. दुपारचे तीन वाजले असावेत; कूलरच्या टाकीतले पाणी आटून त्याचा नुसता गरम वारा खोलीत फिरत होता, गल्लीतली कुत्री नालीच्या ओलीला पोट लावून पडली होती, आणि मी वडिलांच्या जुन्या वहीतील १९७२ सालची एक नोंद संगणकावर उतरवून घेत होतो. 'भेंडवळच्या मांडणीत यंदा पावसाचे' एवढे शब्द पडद्यावर उमटले आणि पुढचा शब्द बोटांच्या टोकाशी आलेला असतानाच पडदा काळा झाला. वीज गेली म्हणावे, तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. पाच मिनिटांनी कळ दाबली. यंत्र उठले, दहा मिनिटे चालले आणि पुन्हा त्याने डोळे मिटले. त्या आठवड्यात हे प्रत्यही होऊ लागले. सकाळी ते निमूटपणे काम करी. दुपार कलू लागली की, वयोवृद्ध कीर्तनकाराने आख्यान ऐन रंगात आले असता वाक्य अर्धे सोडून स्तब्ध व्हावे आणि श्रोत्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे, तसा प्रकार होई.

वडिलांच्या वह्यांविषयी दोन शब्द आधीच सांगायला हवेत. आमची शेती जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याची निळी रेघ उत्तरेला दिसत राहते अशा पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात होती. जेथे विहिरीचे पाणी जिभेवर ठेववत नाही, तेथे शेतकऱ्याची सारी भिस्त आभाळावर. वडिलांनी लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्यांत तीस वर्षे पाऊस, पेरणी, सरकी, मजुरी आणि बैलांचे व्यवहार नोंदवून ठेवले. प्रतिवर्षी अक्षय्य तृतीयेच्या पानावर ते दोन रकाने आखीत. डावीकडे भेंडवळचे भाकीत, उजवीकडे प्रत्यक्ष काय घडले ते. आणि उजवा रकाना दिवाळीच्या सुमारास भरला जाई. भेंडवळ आमच्या गावापासून दूर नाही. तृतीयेच्या संध्याकाळी तेथे शेतात वर्तुळाकार धान्ये मांडतात, मधोमध खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याचा करवा ठेवतात, पापड-कुरडई आणि विडा-सुपारी मांडतात, आणि रात्रभर कोणी त्या बाजूस फिरकत नाही. पहाटे ढेकळे किती भिजली, दाणा कोणत्या दिशेला सरकला, यावरून वर्षाचे पीकपाणी आणि राजाची गादी सांगितली जाते. वडिलांचा त्यावर विश्वास होता की नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. ते रकाने आखीत एवढेच मला ठाऊक आहे.

संगणक घरात आला तो २००८ साली. मुलीला शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि ती खामगावहून रोज ये-जा करी. तिच्यासाठी बाजारातून सुटे भाग जुळवून, म्हणजे ज्याला दुकानदार 'असेंबल्ड' म्हणतात तसा, तो उभा केला. त्याच्या पोटातला प्रोसेसर पेंटियम ड्युअल कोअर जातीचा, दोन गाभ्यांचा होता. मुलगी शिकून पुण्याला गेली, यंत्र माझ्याकडे राहिले. मी महसूल खात्यातला अव्वल कारकून. वेतनवाढ अडू नये म्हणून एमएस-सीआयटीच्या वर्गात मिसरूड न फुटलेल्या मुलांशेजारी बसून 'माउस'वर हात ठेवायला शिकलेला. निवृत्तीनंतर त्या शिक्षणाचा उपयोग वडिलांच्या वह्यांना व्हावा, असे ठरवले.

नवा संगणक का घेतला नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. कारण काहीसे लाजिरवाणे आहे. युनिकोड घरोघर पोहोचण्याच्या आधीच्या एका मराठी अक्षरांच्या प्रणालीत मी सात-आठशे पाने टंकून बसलो आहे. ती प्रणाली विंडोज एक्सपीवरच चालते, आणि चालते तीही मागच्या बाजूस एक बोटभर लांबीची चावी, म्हणजे डोंगल, खोवलेली असेल तरच. तीच पाने नव्या यंत्रात उघडली की वडिलांच्या तुरीचे आणि सरकीचे हिशेब रोमन अक्षरांच्या नि चिन्हांच्या खिचडीत बदलतात. जणू मोडीचा कागद मोडी न जाणणाऱ्याच्या हाती पडावा. मुलगी म्हणते, बाबा, हे सगळे युनिकोडात करून देणारी साधने आहेत. असतील. परंतु जोडाक्षरे आणि रफार त्या उलथापालथीत कसे विस्कटतात, ते मी एका पानावर पाहिले आहे, आणि उरलेली पाने त्या वाटेने पाठवण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

तेव्हा ठरले की यंत्र तेच ठेवायचे; फक्त त्यातला जो कर्ता आहे, त्याला बदलायचे.

'बदली' हा शब्द ज्याने सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे ऐकला, त्याच्या कानाला त्यात उन्हाळ्याचा वास येतो. मे महिना उजाडला की कारकुनांचे चेहरे उतरू लागत. कोणाची मुले शाळेत, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली, आणि हुकूम कोठला निघेल याचा नेम नाही. फारसी अमदानीतून मराठीत आलेल्या या शब्दाला दोन मुखे आहेत. एका मुखाने तो सांगतो की माणूस या जागेवरून त्या जागेवर गेला. दुसऱ्या मुखाने सांगतो की याच्या जागी तो आला, जसा गिरणीत बदली कामगार. दोन्ही अर्थांत जागा मात्र जेथल्या तेथे राहते. टेबल तेच, खुर्चीची डुगडुगणारी तंगडी तीच, टेबलावरच्या काचेखालचा गजानन महाराजांचा फोटोही पूर्वीच्यानेच ठेवलेला. नवा येतो, हजर अहवाल देतो आणि त्या खुर्चीत रुजू होतो.

मी मुलीला फोनवर सांगितले की प्रोसेसर दमला आहे, त्याच्या जागी दुसरा हवा. ती म्हणाली, "बाबा, आधी उघडून तर पाहा." मी पाहिले नाही. आठवड्याने तिने एक पाकीट धाडले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळतात, तेथून कोणाकरवी मागवलेला तो कोअर टू क्वाड, म्हणजे चार गाभ्यांचा प्रोसेसर होता. वापरलेलाच, आणि पाचशे रुपयांच्या आतला.

चष्मा पुसून तो मी तळहातावर घेतला. आगपेटीहून लहान, पुष्कळसा चौकोनी. वरच्या अंगाला निकेलची मंद, पुसट झाकणी, तीवर बारीक कोरलेली अक्षरे. दोन कडांना नखाने घेतल्यासारखी एकेक खाच, आणि एका कोपऱ्यात इवलासा सोनेरी त्रिकोण. उलटा केला तर पोटावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी. ते ठिपके ७७५ असतात, आणि त्यावरूनच तो ज्या खोबणीत बसतो तिलाही ७७५ हे नाव आहे. मोजण्याचा प्रयत्न मी तिसऱ्या ओळीत सोडून दिला. झाकणीखाली सिलिकॉनचे दोन कपचे, आणि त्या दोहोंवर मिळून ५८ कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर. १९७१ साली इंटेल कंपनीने बुसिकॉम या जपानी गणकयंत्र बनवणाऱ्या कंपनीसाठी जो ४००४ नावाचा पहिला विकाऊ मायक्रोप्रोसेसर केला, त्यावर २,३०० होते. वडिलांच्या वहीत ज्या वर्षाचे पान मी उघडून बसलो होतो, त्याच्या एकच वर्ष आधीची ती गोष्ट. आमच्या गावात तेव्हा वीजही पोहोचायची होती.

हा सारा पसारा शेवटी वाळूचा आहे, असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. सिलिका आपल्या पायांखाली सर्वत्र आहे. या दख्खनच्या काळ्या बेसाल्टातही वजनाने जवळजवळ निम्मी तीच. आमच्या जिल्ह्याने तर हा खडक वितळतानाही पाहिला आहे. लोणारला आकाशातून आलेला पाषाण आदळला तेव्हा पावणेदोन किलोमीटरांहून रुंद विवर पडले आणि त्या आघाताने खडकाची काच झाली. चंद्रावरच्या दगडांशी ताडून पाहायला शास्त्रज्ञ लोणारला येतात, ते त्याच काचेसाठी. निसर्गाने तेथे एका क्षणात, बेहिशेबी उष्णता उधळून, जे केले त्यात नीटनेटकेपणा काही नव्हता. माणूस तोच पदार्थ शुद्ध करीत करीत एकसंध स्फटिक ओढतो, त्याच्या पापडासारख्या चकत्या कापतो आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारी नक्षी उमटवतो. तळहातावरच्या त्या तुकड्याकडे पाहताना मला विवरापेक्षा हेच अधिक भयंकर वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातला मिस्त्री आला. पंचविशीचा पोरगा, कानात भिकबाळी, खिशात चुंबकी तोंडाचा पेचकस. त्याने वायर उपटली, डब्याची बाजूची पाटी सरकवली, आणि आत डोकावून मोठ्याने हसला.

"काकाजी, हे पाहा, यात त गादी भरली हाय!"

प्रोसेसरच्या डोक्यावर उष्णता वाहून नेणारी ॲल्युमिनियमची पंखेवजा जाळी असते आणि तीवर एक छोटा पंखा. त्या पात्यांच्या फटींतून वारा जाण्याऐवजी तेथे करड्या-पांढऱ्या रंगाचा, बोटभर जाडीचा नमदा बसलेला होता. त्याने तो चिमट्याने उचलला तेव्हा तो अखंड निघाला. पात्यांचे ठसे खालच्या अंगाला उमटलेले, वरून मऊ. मी तो बोटांत चुरगाळून पाहिला. धूळ त्यात होतीच, पण धागा कापसाचा होता.

खामगावात राहणाऱ्याने याचे आश्चर्य मानू नये. या गावाची पेठच कापसावर उभी राहिली. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे लवकर धावावा म्हणून १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा रूळमार्ग टाकला गेला. आमच्या घरापासून दोन आळ्या पलीकडे एक जिनिंग आहे. हंगामात सरकीपासून रुई सुटते तेव्हा हवेत एक बारीक पांढरी तूस तरंगत राहते, दारांच्या चौकटींवर, तुळशीच्या पानांवर, पाण्याच्या माठावरच्या फडक्यावर बसते. बाई रोज फडके मारते. संगणकाच्या पोटात कोणी फडके मारले नव्हते. इतके हंगाम त्या पंख्याने कापूस ओढला आणि आपल्याच नाकापुढे त्याचे पांघरूण विणले.

मिस्त्रीने चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून उपटल्या आणि जाळी हलकेच पिळून सोडवली. खाली दोन धातूंच्या मध्ये लावलेला लेप पार वाळलेला होता. विड्याच्या पानाला लावलेला चुना आठ दिवसांनी भेगाळावा तसा. हवा ही उष्णतेची वाईट वाहक, म्हणून झाकणी आणि जाळी यांच्यातल्या सूक्ष्म खाचा बुजवायला हा लेप लागतो. तो सुकला की मधे पुन्हा हवाच उरते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटने त्याने जुन्या प्रोसेसरची झाकणी पुसली. ती लख्ख निघाली. तिच्यावर डाग नव्हता, काळवंडलेली कड नव्हती.

तो पोरगा क्षणभर थांबला, आणि अगदी सहज, जणू आजचे तुरीचे भाव सांगतो आहे अशा स्वरात म्हणाला, "याले काहीच झालं नाही, काकाजी. साफ करून नवी पेस्ट लावली असती, त हाच चालला असता. काऊन बदलता?"

मी उत्तर दिले नाही. मला घाटावरच्या एका तहसिलीतले पस्तीस वर्षांपूर्वीचे एक प्रकरण आठवले, आणि ते आठवावेसे मला मुळीच वाटत नव्हते.

तेथे अभिलेख कक्षात एक वयस्क कारकून होते. लोकांना जुन्या नोंदींच्या नकला लागत, अर्ज येत, आणि नकला वेळेवर मिळत नसत. तक्रारी साहेबांपर्यंत गेल्या. साहेबांनी मला विचारले. मी टिपणी लिहिली. संबंधित कर्मचारी कामात मंद असून त्यांची अन्यत्र बदली प्रस्तावित करणे उचित होईल, अशा अर्थाची ती टिपणी होती, आणि तिचे अक्षर सुरेख होते. जूनमध्ये त्यांची घाटाखाली बदली झाली. जागेवर तरुण माणूस आला, आणि नकला पूर्वीहूनही उशिरा मिळू लागल्या. श्रावणात एका दुपारी, पाऊस धो धो कोसळत असताना, मी प्रथमच त्या खोलीत गेलो. छप्पर तीन ठिकाणी गळत होते. गळतीखालचे दप्तरांचे रुमाल उचलून कोणीतरी दुसऱ्या भिंतीला, मग तिसऱ्या भिंतीला, कोरड्या जागा मिळतील तसे रचले होते. गावांचा क्रम नव्हता, वर्षांचा क्रम नव्हता, आणि या स्थलांतराची यादी कोठेही नव्हती. ती यादी फक्त त्या वृद्ध कारकुनांच्या डोक्यात होती. एका नकलेला त्यांना चार दिवस लागत, कारण ते अंधारात, ओल्या भिंतींच्या कडेकडेने, स्मरणाने ती काढीत असत. मी त्या खोलीत आधी का गेलो नव्हतो? धुळीने मला शिंका येतात.

पोरग्याने जुना प्रोसेसर खिडकीच्या काठावर ठेवला आणि नवा उचलला.

आता पुढचे निगुतीचे काम. चैत्रातल्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा सदरा काढताना अंगावर ठिणग्या तडतडतात. तीच अंगातली वीज या नाजूक वस्तूला मारक ठरते, म्हणून त्याने डब्याच्या पत्र्याला हात लावून घेतला आणि मलाही लावायला सांगितला. खोबणीतले झाकण उघडले तेव्हा आत ७७५ बारीक स्प्रिंगा, वाऱ्याने एका बाजूस लवलेल्या गव्हाच्या शेतासारख्या, तिरप्या उभ्या दिसल्या. त्यांतली एक वाकली तर सारे बोर्ड मोडीत. सोनेरी त्रिकोण त्रिकोणाच्या दिशेला, खाच खुंटीला. प्रोसेसर बोटांतून सोडायचा, दाबायचा नाही. तो आपल्या वजनानेच बसतो. मग बाजूची दांडी खाली ओढायची, आणि तेव्हा 'कर्रर्र' असा एक आवाज होतो. तो आवाज मी विसरणार नाही. सारे जग सांगत असते की हे असेच वाजते, तरी ऐकणाऱ्याला आपण काहीतरी मोडले असेच वाटते. तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवून त्याने जाळी वर बसवली, खुंट्या कर्णाच्या क्रमाने दाबल्या: टक, टक, टक, टक.

वडिलांच्या १९६४ सालच्या वहीत एक बैलाचा व्यवहार आहे. जोडीतला डावा बैल पायाने अधू झाला, म्हणून त्यांनी दुसरा आणला. तरणा, पांढरा, पाहणाऱ्याची दृष्ट लागावी असा. आठ दिवसांनंतरच्या नोंदीत त्यांनी लिहिले आहे की बैल चांगला आहे, परंतु जोडी जमत नाही. नवा पुढे ओढतो, जुना मागे राहतो, जू तिरके होते आणि तिफणीचे तास वाकडे जाते. पोळ्यापर्यंत जमली असावी, कारण नंतर तक्रार नाही. प्रोसेसरलाही जू असते. खोबणी जुळली म्हणून भागत नाही. बोर्डाने त्याला ओळखले पाहिजे, त्याच्या चालीची गती पेलली पाहिजे, वीजपुरवठ्याच्या डब्याने त्याची वाढीव भूक भागवली पाहिजे. जुना ६५ वॉटवर निभावत होता. हा चार गाभ्यांचा, त्याला शंभराच्या आसपास लागतात. मुलीने बोर्डाचे नाव विचारून हे सारे आधी ताडून पाहिले होते. माझ्या टिपणीत त्यातले काहीच नव्हते.

कळ दाबली. पंखा पूर्ण वेगाने घोंगावला, मग हळू झाला, पडदा काळाच. तीन सेकंद, चार सेकंद. मग एक छोटीशी 'बीप', आणि पांढरी अक्षरे. विंडोज आली, तिने आपल्या आत काहीतरी बदलल्याची दखल घेतली आणि काम सुरू केले. ती यंत्राच्या अवयवांची एक नोंद ठेवते. थोडे बदलले तर तेच यंत्र मानते, फार बदलले तर हे दुसरेच कोणी आहे असे समजून नव्याने ओळख पटवायला लावते. तलाठ्याच्या दप्तरासारखेच हे; सातबाऱ्यावरची किरकोळ दुरुस्ती निराळी आणि वारसाचा फेरफार निराळा. आमच्या प्रकरणी तिने दुरुस्ती मानली. तीच प्रणाली, तीच चावी, आणि पडद्यावर वडिलांची तीच वही.

वेग? त्याविषयी माझी अपेक्षा बालिश होती. चार गाभे, सेकंदाला २४० कोटी ठोके. मला वाटले, फाइल टिचकीसरशी उघडेल. ती पूर्वीइतक्याच सावकाश उघडली. मिस्त्रीने हार्ड डिस्ककडे बोट दाखवले. ती जुनीच, फिरती तबकडी. तिच्यावरचे एक अक्षर शोधायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा गेला, तरी तेवढ्यात या प्रोसेसरचे २ कोटी ४० लाख ठोके वाया जातात. हे समजायला खामगावकराला कष्ट पडू नयेत. मुंबई-नागपूरच्या मुख्य मार्गावरून गाडी कितीही वेगाने येवो, जलंबला उतरल्यावर पुढचे आठ मैल आमच्या शाखेच्याच चालीने. फलाटावरच्या बाकावर बसून समोरून धडधडत जाणाऱ्या एक्सप्रेसा मोजण्यात माझ्या बालपणाच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत.

मुलीने मात्र फोनवर एक गोष्ट सांगितली, ती मला वडिलांच्या रकान्यांकडे घेऊन गेली. प्रोसेसर म्हणे केवळ हुकुमाची वाट पाहत बसत नाही. पुढे वाटेला फाटा फुटणार असेल तर डावीकडे की उजवीकडे, हे कळण्याच्या आधीच तो एक बाजू गृहीत धरून कामाला लागतो. अंदाज बरोबर ठरला तर वेळ वाचला, चुकला तर अर्धवट झालेले काम टाकून फाट्यापाशी परत. आणि अंदाज बांधायचा कशावरून? मागे त्याच फाट्यावर काय घडले होते, याची एक बारकी नोंद तो स्वतःजवळ ठेवतो. डावीकडे भाकीत, उजवीकडे प्रत्यक्ष. मला तर तसेच दिसले. भाकिताचा आणि यंत्राचा आणखी एक धागा आमच्याच बाजूचा आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांनी १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने आपला प्रगत महासंगणक द्यायला नकार दिला होता, आणि असा महासंगणक हवा होता त्यातले एक कारण पावसाचे भाकीत हे होते. एक अजस्र बैल मिळत नाही, तर लहान बैलांची दावण एका जुवाला लावायची, अशी काहीशी ती युक्ती. मुरंबा ते भेंडवळ हे अंतर बसने एका दिवसाच्या आतले आहे.

जुना प्रोसेसर दोन दिवस खिडकीतच होता. मिस्त्री पैसे न्यायला आला तेव्हा म्हणाला, "द्या न इकडं, कुठंतरी लागन." मी दिला. पुढल्या आठवड्यात कळले की बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात तो बसवला आहे आणि चांगला चालतो. त्या बाजूला गेलो असताना मी आत डोकावलो. सातबाऱ्याच्या नकलांसाठी पाच-सहा माणसे ओळीत उभी होती आणि ओळ भराभर पुढे सरकत होती. ते वृद्ध कारकून घाटाखाली गेल्यावर पुढे चार वर्षे नोकरीत होते; त्यांच्याविषयी तेथून एकही तक्रार आली नाही, हे मी तेव्हाच ऐकले होते.

अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन असताना, यंत्र न थांबता चालले आणि १९७२ ची नोंद पुरी झाली. डाव्या रकान्यात त्या वर्षीचे भाकीत आहे. ते काय होते हे येथे सांगत नाही, कारण ते वडिलांच्या कानी कसे आले कोण जाणे, आणि एका ओळीवरून भेंडवळकरांवर ठपका ठेवण्याची टिपणी मला लिहायची नाही. बाकी सर्व वर्षांचा उजवा रकाना भरलेला आहे. १९७२ चा कोरा आहे. पाने मागे-पुढे करून पाहिली. त्या दिवाळीला त्यांनी वही उघडलेलीच दिसत नाही. तोही रकाना मी तसाच, कोरा, आखून घेतला.

फाइल जतन केली तेव्हा तिच्यापुढे तारीख पडली १ जानेवारी २००८. बोर्डावर घड्याळासाठी रुपयाएवढा एक सेल असतो. तो संपला आहे, म्हणून वायर उपटली की यंत्र आपल्या पहिल्या दिवसाकडे परत जाते. मिस्त्रीकडे तो सेल शिल्लक नव्हता. सीआर २०३२ असे त्याचे नाव आहे, घड्याळवाल्याकडे मिळतो, चाळीस-पन्नास रुपयांना. लग्नसराईमुळे घड्याळवाला गावी गेला आहे. सेल अद्याप आणायचा आहे.